जपमाळ हातात, पाऊल रस्त्यावर

सप्टेंबरात वांद्र्याची जत्रा भरते. ८ सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिन. त्याच्या आगेमागे आठवडाभर माउंट मेरीच्या टेकडीकडे माणसांची रीघ लागलेली असते. पुष्कळ जण चालत येतात. कुणी माहीमहून, कुणी सांताक्रुझहून, कुणी त्याहून लांबून; काही अनवाणी, नवस फेडायला. त्यात साठी ओलांडलेल्या बायका असतात, गुडघे कुरकुरणारे काका असतात. एरवी बाजारातून दोन पिशव्या आणायच्या तरी रिक्षा शोधणारी ही माणसं त्या दिवशी चार-पाच किलोमीटर चालतात, टेकडीच्या पायऱ्या चढतात आणि वर पोचल्यावर ‘आज काही वाटलं नाही’ म्हणतात.

हे श्रद्धेचं बळ, असं म्हणून प्रश्न तिथेच मिटवता येतो, आणि ते उत्तर खोटंही नाही. पण ते बळ शरीरात उतरतं कसं? स्नायूला प्राणवायू कळतो, साखर कळते आणि मेंदूकडून आलेला हुकूम कळतो. प्रार्थनेचे शब्द त्याच्यापर्यंत पोचायचे तर यांपैकीच कशावर तरी स्वार होऊन पोचायला हवेत. ख्रिस्ती श्रद्धा आणि शारीरिक व्यायाम यांची सांगड गेल्या दीडशे-दोनशे वर्षांत अनेकांनी अनेक तऱ्हांनी घातली. तिच्यातलं काय शरीरावर खरोखर काम करतं आणि काय करत नाही, ते पाहू.

दहा सेकंदांची प्रार्थना

आधी जपमाळेची रचना. नेहमीच्या माळेत ५९ मणी असतात. त्यांतले ५३ ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचे आणि ६ येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेचे. दहा-दहा मण्यांचे पाच गट, आणि प्रत्येक गट म्हणताना येशूच्या किंवा मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधून मणी सरकत राहतात, त्यामुळे मोजायचं काम बोटांकडे जातं आणि डोकं मोकळं राहतं.

घरात किंवा चर्चमध्ये सगळे मिळून माळ म्हणतात तेव्हा प्रार्थना दोन भागांत वाटली जाते. एक जण पहिला अर्धा भाग म्हणतो, बाकीचे दुसरा. म्हणजे अर्धा वेळ बोलायचं आणि अर्धा वेळ ऐकायचं. बोलताना श्वास हळूहळू बाहेर जातो, ऐकताना तो आपसूक आत येतो. श्वास कसा घ्यावा हे कुणी सांगितलेलं नसतं. प्रार्थनेच्या लांबीवरून ते ठरतं.

इटलीतले डॉक्टर लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. २३ निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली ‘आवे मारिया’ म्हणायला लावली, आणि त्याच माणसांना बौद्ध परंपरेतला ‘मणि पद्मे’चा मंत्रही म्हणायला लावला. त्यांचा लेख डिसेंबर २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. माळ म्हणताना आणि मंत्र म्हणतानाही हा वेग मिनिटाला सुमारे सहावर आला. एक प्रार्थना, एक श्वास, दहा सेकंद.

या दहा सेकंदांत काय विशेष आहे ते समजायला रक्तदाब कसा सांभाळला जातो ते पाहावं लागेल. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत ताण ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. दाब जरा वाढला की ती मेंदूच्या तळाशी निरोप धाडतात. तिथून व्हेगस नावाच्या लांबलचक चेतेमार्फत हृदयाला ‘सावकाश’ असा हुकूम येतो, रक्तवाहिन्याही थोड्या सैलावतात आणि दाब उतरतो. फार उतरला तर उलटा हुकूम सुटतो. निरोप जायला-यायला आणि रक्तवाहिन्यांना आवळायला-सैलावायला वेळ लागतो. त्यामुळे आपला रक्तदाब कधीच एका रेषेत नसतो. साधारण दर दहा सेकंदांनी तो किंचित वर जाऊन खाली येतो.

श्वासाचीही अशीच एक लाट आहे. श्वास घेताना नाडी थोडी जलद होते, सोडताना मंदावते. मनगटावर बोटं ठेवून सावकाश श्वास घेतला-सोडला तर पुष्कळांना हा फरक स्वतःलाच जाणवतो. मिनिटाला पंधरा श्वास असतील तर ही लाट चार सेकंदांची होते आणि रक्तदाबाच्या दहा सेकंदांच्या लाटेशी तिचा मेळ बसत नाही. मिनिटाला सहा श्वास झाले की दोन्ही लाटा एका मापाच्या होतात. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला झोका मागे येऊन वळतो त्या नेमक्या क्षणी नुसता हात लावला तरी झोका उंच जातो, तसं इथे होतं. श्वासाचा हलका रेटा दाबाच्या लाटेला योग्य वेळी मिळतो आणि दाब सांभाळणारी यंत्रणा जास्त तल्लखपणे काम करू लागते. बर्नार्दींच्या अभ्यासात या तल्लखपणाचं माप ९.५ वरून ११.५ वर गेलं. रक्तदाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने बदलला तर हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती मिलिसेकंदांनी बदलतं, ते हे माप. हृदयविकाराच्या रुग्णांमध्ये ही संवेदनशीलता घटलेली आढळते, म्हणून डॉक्टर तिला महत्त्व देतात.

माळेने आणि मंत्राने सारखाच परिणाम झाला, हे वाचून काही ख्रिस्ती वाचक खट्टू होतात. मला त्यात खट्टू व्हावं असं काही दिसत नाही. यंत्रांनी श्वास मोजला, नाडी मोजली. श्रद्धा मोजायचं यंत्र त्या खोलीत नव्हतंच. देवाने माणसाचं शरीर घडवलं असं ज्याला मनापासून वाटतं, त्याला सगळ्या माणसांची शरीरं एकाच नियमाने चालतात याचा आनंदच व्हायला हवा.

चालायला लागलं की हिशेब बदलतो

पण हा प्रयोग बसलेल्या माणसांवर झाला होता, हे विसरून चालणार नाही. ‘माळ म्हणत भराभर चाला, श्वास सहावर येईल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नये. चालताना पायांचे स्नायू जास्त प्राणवायू मागतात, जास्त कार्बन डायऑक्साइड तयार करतात, आणि तो बाहेर टाकायला श्वास वाढावाच लागतो. तो जबरदस्तीने सहावर दाबून धरला तर गुदमरल्यासारखं होईल, गरगरेलही. बसून म्हटलेली माळ आणि चालत म्हटलेली माळ शरीरावर वेगवेगळी कामं करतात.

चालताना तिचं पहिलं काम वेग ठरवण्याचं. व्यायामशास्त्रात बोलण्याची एक साधी चाचणी आहे. चालताना गाणं म्हणता येत असेल तर व्यायाम हलका, बोलता येतं पण गाता येत नाही तर मध्यम, आणि दोन-चार शब्दांनंतर श्वासासाठी थांबावं लागत असेल तर जोराचा. घड्याळ, पट्टा काही लागत नाही. मोठ्याने प्रार्थना म्हणत चालणारा माणूस ही चाचणी न थांबता देत असतो. ‘नमो मरिया’ दोन श्वासांत नीट पुरी होते आहे, तोवर वेग बरोबर. शब्द तुटायला लागले की पाय आपोआप आवरतात. बरोबर असलेल्यांनाही ते कळतं, कारण उत्तर देणारा आवाज बारीक होतो. वांद्र्याच्या वाटेवरच्या काकूंना कुणी हृदयाचे ठोके मोजायला शिकवलेलं नसतं. त्यांच्या तोंडातली प्रार्थनाच त्यांना मध्यम वेगाच्या पुढे जाऊ देत नाही, आणि मध्यम वेगाने माणूस पुष्कळ लांब चालू शकतो.

दुसरं काम लक्ष वळवण्याचं. थकवा फक्त पायांत नसतो. पाय, फुप्फुसं, त्वचा यांच्याकडून आलेले निरोप आणि अजून किती चालायचं आहे याचा अंदाज, यांचा मेळ घालून मेंदू थकव्याची जाणीव तयार करतो. लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींना पुरतं. ते शब्दांत, मण्यांत आणि डोळ्यांपुढच्या प्रसंगात गुंतलं की पायांच्या तक्रारीला कमी जागा उरते. पंढरीच्या वाटेवर टाळ-मृदंगाच्या नादात चालणाऱ्या वारकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मात्र ही सोय मध्यम श्रमांपुरतीच आहे. चढ उभा झाला, धाप लागली, की शरीराचे निरोप इतके मोठे होतात की कुठल्याही शब्दांना न जुमानता ते लक्ष खेचून घेतात.

आणि तसं होणं चांगलंच आहे. तक्रार कमी ऐकू येते तेव्हा इशाराही कमी ऐकू येण्याचा धोका असतो. छातीत दाब वाटणं, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात उतरणं, दरदरून घाम सुटणं, अंधारी येणं, यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि मदत मागायची. नवस अर्धा राहिला म्हणून देव रागावेल या भीतीने पुढे चालत राहणाऱ्या माणसाला वाटेतच बसवणं, हेही बरोबरच्या माणसांचं भक्तीचंच काम आहे.

तिसरं काम वेळेचं. पाच गटांची माळ सावकाश म्हटली तर पंधरा-वीस मिनिटं लागतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. रोज वीस मिनिटांची एक माळ चालत म्हटली तर आठवड्याची १४० मिनिटं होतात, जवळजवळ पुरी. शिवाय माळ सुरू केली की मध्येच सोडवत नाही. ‘आज दहाच मिनिटं चालू’ ही पळवाट बंद होते.

> चालती माळ: सुरुवात करणाऱ्यांसाठी
> • पहिला गट अगदी सावकाश चाला. सांधे आणि हृदय तयार होतात.
> • मधले तीन गट बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. एका मिनिटात शंभरच्या आसपास पावलं पडली तर वेग साधारण मध्यम.
> • शेवटच्या गटाला पुन्हा सावकाश.
> • घरी येऊन बसल्यावर, श्वास पूर्ण खाली आल्यानंतर दहा प्रार्थना संथपणे म्हणा. दहा सेकंदांची लय इथे साधते, रस्त्यावर नाही.
> • रहदारीत डोळे उघडे आणि कान मोकळे. ध्यान फुटपाथवर किंवा बागेत लागू द्या.
> • रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, किंवा उपवासकाळात अन्न कमी केलं असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

प्रार्थनेच्या खोलीशेजारी तालीम

बलोपासना हा शब्द मराठी माणसाला समर्थ रामदासांमुळे आणि गावोगावच्या तालमींमुळे ओळखीचा आहे. मारुतीचं देऊळ आणि शेजारी लाल मातीचा हौदा, यात आपल्याला नवल वाटत नाही. ख्रिस्ती जगात मात्र हे शेजारपण सहज जमलं नाही. संत पौलाच्या पत्रांत दोन्ही सूर आहेत. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. तिथल्या लोकांना लिहिताना पौल धावपटूचं आणि मुष्टियोद्ध्याचं उदाहरण देतो, शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे असंही सांगतो. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात मात्र शरीराच्या कसरतीचा उपयोग थोडा आणि भक्तीचा सगळ्या बाबतींत, असा तोल आहे. पुढे अनेक शतकं चर्चमध्ये हा दुसरा सूरच जास्त ऐकला गेला. शरीर म्हणजे आवरायची गोष्ट, घडवायची नव्हे.

हे बदललं ते कारखान्यांच्या शहरांत. १८४४ साली लंडनमध्ये कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स या तरुणाने सोबत्यांना घेऊन यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, म्हणजे वायएमसीए, सुरू केली. खेड्यातून आलेली ही पोरं दिवसभर दुकानात राबत आणि रात्री तिथेच वर झोपत. सुरुवातीला संघटनेत बायबलवाचन आणि प्रार्थना एवढंच होतं, व्यायाम नव्हता. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चार्ल्स किंग्सली आणि थॉमस ह्यूज या लेखकांनी धडधाकट शरीर हेही सेवेचं साधन असल्याचा विचार इंग्लंडभर नेला. ‘मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी’ हे नाव त्याला १८५७ च्या सुमारास चिकटलं. १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या वायएमसीएने इमारत बांधली तेव्हा तिच्यात व्यायामशाळाही बांधली. बॉस्टनमधले व्यायामशिक्षक रॉबर्ट रॉबर्ट्स यांनी सर्कशीतल्यासारख्या अवघड उड्या बाजूला ठेवून सोपे, कमी वेळाचे, सुरक्षित आणि आवडतील असे प्रकार घेतले, कारण त्यांच्यासमोर पहिलवान नव्हते, दिवसभर कारकुनी करून आलेली माणसं होती.

या घडामोडीला आकार दिला ल्यूथर गुलिक यांनी. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे वायएमसीएचे कार्यकर्ते तयार करणारी शाळा होती, तिथे ते शिकवत. त्यांनी संघटनेला त्रिकोणाचं चिन्ह दिलं. वरची आडवी बाजू आत्म्याची, तिला खालून तोलणाऱ्या दोन बाजू मनाच्या आणि शरीराच्या. एक बाजू कच्ची राहिली तर वरची ढळणार. आजही वायएमसीएच्या पाटीवर तो त्रिकोण दिसतो.

टोपली डोक्यावर का टांगली

या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग याच शाळेत घडला. १८९१ चा हिवाळा. फुटबॉलचा मोसम संपलेला, बेसबॉलचा यायचा. अठरा तरुणांचा एक वर्ग कवायतीला कंटाळून हाताबाहेर गेला होता. गुलिक यांनी तो जेम्स नायस्मिथ यांच्याकडे सोपवला आणि बंदिस्त खोलीत खेळता येईल असा नवा खेळ दोन आठवड्यांत शोधायला सांगितलं. नायस्मिथ कॅनडाचे, माँट्रियलमध्ये धर्मशास्त्र शिकून आलेले. व्यासपीठावरून उपदेश करण्यापेक्षा मैदानात मुलांना घडवणं हीही सेवाच, असं ठरवून ते स्प्रिंगफील्डला आले होते.

त्यांनी विचार कसा केला ते सावकाश पाहण्यासारखं आहे. लाकडी जमिनीवर आडवं पाडण्याचा खेळ चालणार नाही, हाडं मोडतील. मग मुळात माणूस माणसाला का पाडतो? कारण तो चेंडू घेऊन पळत असतो, आणि त्याला थांबवायला दुसरा उपाय नसतो. तर चेंडू घेऊन पळूच द्यायचं नाही. ज्याच्या हातात चेंडू आला त्याने जागेवरूनच तो दुसऱ्याला द्यायचा. पळणं गेलं, तसं पाडण्याचं कारणही गेलं.

आता गोल. तो समोर उभा असला की चेंडू जितका जोरात मारावा तितका फायदा, आणि जोर आला की इजा आली. लहानपणी ते एक खेळ खेळत. मोठ्या दगडावर ठेवलेला लहान दगड लांबून दगड मारून पाडायचा. सरळ जोरात फेकणाऱ्यापेक्षा कमानीसारखा अलगद फेकणाऱ्याचा नेम जास्त लागे. ते आठवून त्यांनी गोल आडवा केला आणि डोक्याच्या वर नेला. तोंड आकाशाकडे असलेल्या गोलात चेंडू वरून अलगदच पडायला हवा. तिथे ताकदीचा उपयोग नाही, हात हलका हवा. शिवाय गोल इतका उंच, की बचाव करणाऱ्यांनी त्याच्याभोवती कोंडाळं करूनही चेंडू अडत नाही. शाळेच्या शिपायाकडे त्यांनी खोकी मागितली. त्याने पीचच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फूट उंच होता, म्हणून बास्केटबॉलची कडी आजही दहा फुटांवर आहे.

तेरा नियम टाइप करून भिंतीवर लावले. खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाय अडकवणं, मारणं बंद. पहिल्यांदा केलं तर चूक धरायची, दुसऱ्यांदा केलं तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर, आणि मुद्दाम इजा केली तर अख्ख्या सामन्यातून बाहेर, बदली खेळाडूही नाही. नऊ विरुद्ध नऊ असा पहिला सामना १–० असा सुटला. गोल झाला की कुणीतरी शिडी लावून टोपलीतला चेंडू काढायचा.

श्रद्धा व्यायामात आणायची म्हणजे काय, याचं इतकं नितळ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. त्या तेरा नियमांत देवाचं नाव कुठेही नाही. पण समोरच्याचं शरीरही मंदिर आहे, ही समजूत खेळाच्या मांडणीतच बसवलेली आहे. खेळाडू ख्रिस्ती असो, नसो, नियम त्याच्याकडून शेजाऱ्याची काळजी घेववतो. बनियनवर क्रूस छापणं याच्यापुढे फार सोपं आहे.

चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, जवळच्या होल्योक गावी वायएमसीएचे विल्यम मॉर्गन यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्याकडे मध्यमवयीन व्यापारी येत आणि त्यांना बास्केटबॉलची धावपळ झेपत नसे. मॉर्गननी मध्ये जाळी बांधली आणि दोन्ही संघ आपापल्या बाजूला ठेवले. अंगाला अंग लागण्याचा प्रश्नच संपला. तोच आपला व्हॉलीबॉल. महाराष्ट्रात शाळेच्या पटांगणात, पोलीस मुख्यालयात, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी जाळी लागते, ती या विचारातून आलेली आहे.

भारतात हे खेळ पसरवण्यात वायएमसीएचा मोठा वाटा होता. मुंबईत ती १८७५ मध्ये आली. १९२० मध्ये हॅरी क्रो बक या अमेरिकन शिक्षकाने मद्रासला वायएमसीएची शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. तिथे खेळाडूंपेक्षा खेळ शिकवणारे शिक्षक तयार होत. शाळेत ‘पीटीचे सर’ असावेत, त्यांनी त्यासाठी रीतसर शिक्षण घेतलेलं असावं, ही गोष्ट भारतात रुजवणाऱ्यांत बक यांचं नाव अग्रभागी आहे.

लाज हा व्यायाम नव्हे

या परंपरेची दुसरी बाजूही सांगायला हवी. मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी साम्राज्याच्या काळात वाढली आणि साम्राज्याचा माज तिच्यात उतरला. बळकट, गोरा, इंग्रज तरुण हा जणू देवाचा लाडका, आणि बाकीचे दुबळे, शिकवून घ्यायचे. बायकांना तिच्यात जागा फार उशिरा आणि फार थोडी मिळाली.

पुढे अमेरिकेत वजन हा विषय आला. १९५७ मध्ये चार्ली शेड या पाळकांनी प्रार्थनेने वजन उतरवण्याविषयी पुस्तक लिहिलं. त्या धाटणीच्या पुस्तकांत जाडी ही जवळजवळ पापाची खूण ठरते. याचा मला राग येतो. शरीराचं वजन अनुवंश, औषधं, झोप, मिळकत, आजार अशा कितीतरी गोष्टींनी ठरतं. शिवाय लाज वाटल्याने माणूस व्यायामाला लागत नाही, तो लपतो. ज्याला शरीरावरून हिणवलं जातं तो व्यायामशाळेत, मैदानात, चारचौघांत जाणंच टाळतो. मंदिर मोडकळीला आलं म्हणून मंदिराला शिव्या देणाऱ्याला भक्त म्हणत नाहीत.

कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चचे तेव्हाचे पाळक रिक वॉरन यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या ‘डॅनियल प्लॅन’मध्ये एक शहाणपण होतं. आहार आणि व्यायामाइतकंच मैत्रीलाही त्यात स्थान होतं, आणि माणसं लहान लहान गटांत एकत्र येत. सकाळी सहाला कोपऱ्यावर कुणीतरी आपली वाट पाहत उभं आहे, हे माहीत असलं की अंथरूण सोडणं सोपं जातं. चर्चकडे अशी वाट पाहणारी माणसं आधीपासूनच असतात. आपल्याकडच्या धर्मग्रामांनी हे सहज करावं. सकाळच्या मिस्सेनंतर पाच-सहा जणांचा गट चालायला निघाला तर त्याला खर्च शून्य.

सातवा दिवस

व्यायामाने स्नायू बळकट होतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात व्यायामाच्या वेळी तो थकतो, त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, साठवलेली साखर संपते. बळ येतं ते नंतर, विश्रांतीत. इजा झालेल्या तंतूंची डागडुजी होताना शरीर थोडं जास्तीचं बांधकाम करून ठेवतं. साखरेचा साठा पुन्हा भरायला एक पूर्ण दिवस किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो. रोज न थांबता जोर काढणाऱ्याची डागडुजी अर्धवट राहते. मग झोप बिघडते, सांधे दुखतात, वेग वाढण्याऐवजी घटतो. आठवड्यातून एक दिवस कामं खाली ठेवायची, ही बायबलमधली आज्ञा स्नायूंसाठी दिलेली नव्हती, पण स्नायूंना ती मानवते.

या आज्ञेसाठी सुवर्णपदक पणाला लावणारा खेळाडू म्हणजे एरिक लिडेल. चीनमध्ये मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेला हा स्कॉटिश धावपटू शंभर मीटरमध्ये पहिला येईल अशी पुष्कळांना आशा होती. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्या शर्यतीची पहिली फेरी रविवारी होती. वेळापत्रक काही महिने आधीच कळलं होतं. रविवार देवाचा, म्हणून लिडेलने ती शर्यत सोडली आणि चारशे मीटरची तयारी केली. ती त्याने ४७.६ सेकंदांत जिंकली, आणि दोनशे मीटरमध्ये कांस्यपदकही मिळवलं. भारताचा चमूही त्या ऑलिंपिकला गेला होता आणि त्याची जबाबदारी मद्रासच्या बक यांच्याकडे होती.

लिडेल पुढे चीनला परतला, शिक्षक आणि मिशनरी म्हणून राहिला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला वेइशियेनच्या छावणीत स्थानबद्ध केलं. आईबापांपासून तुटलेली कितीतरी मुलं तिथे होती. तो त्यांना शिकवी, त्यांच्यासाठी खेळ भरवी, मात्र रविवारी नाही. मुलांनी एका रविवारी आपापली हॉकी सुरू केली. पंच नव्हता, आणि सामना मारामारीवर गेला. पुढच्या रविवारी ऑलिंपिकच्या सुवर्णपदकासाठीही रविवार न मोडलेला लिडेल मैदानात उतरला आणि त्याने मुलांच्या सामन्याला पंच म्हणून काम केलं. कुणाला इजा होऊ नये म्हणून नायस्मिथने टोपली दहा फुटांवर नेली होती. लिडेलने त्याच कारणासाठी शिट्टी हातात घेतली.